आठवा भाग

“द्या ती पाटी,” आप्पा म्हणाले. “आज संपवून टाकू.”

पाटी म्हणजे टॅब. मल्लाप्पा हिंगमिरे, वय अडुसष्ट, मशीन क्रमांक चार. त्यांचा डावा हात दोन सुयांनी डायलिसिसच्या मशीनला जोडलेला होता आणि उजवा त्यांनी माझ्याकडे पसरला होता. गुरुवार होता. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. बारा वाजेपर्यंत ते कुठं जाणार नव्हते.

टॅबमध्ये चार टक्के चार्जिंग उरलं होतं. मी म्हटलं, अर्धा तास थांबावं लागेल.

“थांबू की. आठवाच ऱ्हायलाय न्हवं? शेवटचा?”

“शेवटचा.”

“मग झालं,” म्हणून त्यांनी डोळे मिटले.

इतक्या उत्सुकतेनं सात आठवड्यांत कुठल्याही रुग्णानं माझ्याकडे टॅब मागितला नव्हता. मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम नोंदवते आहे, कारण ते बरं वाटणं पुढची पंधराच मिनिटं टिकलं.

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेतल्या एका धर्मादाय दवाखान्यात डायलिसिसच्या रुग्णांसाठी मानसोपचाराचा एक ऑनलाइन प्रयोग चालू होता आणि मी तिथं प्रकल्प सहायक होते. माझी पदवी भौतिकशास्त्राची. मानसशास्त्राशी माझा संबंध जाहिरातीत ‘विज्ञान शाखेची कोणतीही पदवी’ असं छापल्यामुळे आला. काम सोपं होतं. एकूण आठ भागांचा अभ्यासक्रम, आठवड्याला एक. मनात आलेला विचार म्हणजे घडलेली गोष्ट नव्हे, तो तपासून बघता येतो, आणि तो बदलला तर वाटणं आणि वागणं दोन्ही बदलतं, असं त्यात टप्प्याटप्प्यानं शिकवलं होतं. पुण्याहून डॉ. देवस्थळी दर आठवड्याला प्रत्येक रुग्णाशी व्हिडिओवर पंधरा मिनिटं बोलायच्या. रुग्ण बारा होते. नाही तरी चार तास ते मशीनपाशी पडून असायचे.

प्रत्येक भागाच्या आधी नऊ प्रश्न यायचे. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कशात मन लागतं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज जितकी कमी तितकं बरं. आप्पांची बेरीज सात आठवड्यांत पंधरावरून पाचवर आली होती. बाराजणांत इतकी सुंदर उतरण कुणाचीच नव्हती. मी तिचा आलेख काढून डॉ. देवस्थळींना पाठवला होता.

अभ्यासक्रमात राजेश नावाचा एक काल्पनिक माणूस होता. त्याला साहेबांनी सकाळी नमस्कार केला नाही, म्हणून आपली नोकरी जाणार असं त्याला वाटायचं. रुग्णानं राजेशच्या विचाराची दुसरी बाजू शोधायची. बाकीच्यांना याला दहा मिनिटं लागली. आप्पांनी व्हिडिओ संपायच्या आत सांगितलं, “त्याच्या सायबाला चष्मा लागला असंल. आधी डोळं तपासून आणायला सांगा.”

उत्तर बरोबर होतं. आप्पांची सगळीच उत्तरं बरोबर असायची. त्यांनी विचारांच्या नोंदीची चौदा पानं भरली होती आणि ती सगळी राजेशबद्दल होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सगळ्याची सुरुवात मात्र वेगळी झाली होती. पहिल्याच आठवड्यात नवव्या प्रश्नाला आप्पांनी एक गुण दिला होता. नववा प्रश्न असा, की आपण मेलेलं बरं असे विचार येतात का. शून्य म्हणजे अजिबात नाही, एक म्हणजे काही दिवस, तीन म्हणजे जवळजवळ रोज. शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं आणि फॉर्मवरच्या नातेवाइकाला फोन करायचा, असा नियम होता. मी तो पाळला. नातेवाईक म्हणून मुलाचं नाव होतं, विरूपाक्ष, राहणार पुणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी विरूपाक्ष, त्याची बायको आणि दोन चुलतभाऊ गाडी करून आले. गोठ्यातल्या औषधाचा डबा त्यांनी उचलला, विहिरीचा दोर उचलला आणि आप्पांच्या दाढीचं ब्लेडही नेलं. बातमी गावभर झाली. लोक भेटायला आले ते शहाळी आणि केळी घेऊन. किडनीच्या रुग्णाला दोन्ही वर्ज्य असतात. आप्पा त्यानंतरच्या सोमवारी वाढलेल्या दाढीनं आले. वजनकाट्यावर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “जिवाला जपायला आल्ती माणसं. थोडक्यात वाचलो.”

पुढच्या आठवड्यापासून नवव्या प्रश्नाला शून्य येऊ लागलं. मी अहवालात लिहिलं, जोखीम वेळीच ओळखली, निवळली.

आता त्या गुरुवारकडे येते. आठ पंचवीसला सत्यवती सिस्टर फळ्यावर पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लावत होत्या. त्यांनी मला विचारलं, की हिंगमिरे आजोबांचं सोमवारचं नाव आजच पुसू का. मी विचारलं, का. त्या म्हणाल्या, आजोबा पुण्याला मुलाकडे राहायला चाललेत, तिकडंच डायलिसिस करून घेणार आहेत, आपली जागा वाट बघणाऱ्या कुणाला तरी द्या म्हणून त्यांनीच सांगितलं.

“कागद नेले का त्यांनी?” मी विचारलं. दुसरीकडे मशीन मिळायला इथले कागद लागतात. रक्ताच्या तपासण्या, किती वेळ, किती पाणी काढतात, सगळं. त्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही.

सिस्टर खडू हातात धरून थांबल्या. “नाही ग. मागितले पण नाहीत.”

डायलिसिसचा हिशेब मला तोवर पाठ झाला होता. दोन पाळ्या चुकल्या तर माणूस धापा टाकत येतो. चार चुकल्या तर येत नाही.

मी बाहेर व्हरांड्यात गेले. आप्पांच्या पत्नी अक्काताई तिथल्या बाकावर बसल्या होत्या. गेली दोन वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी त्या तिथंच असायच्या, आणखी तिघीजणींबरोबर, ज्यांचे नवरे इतर मशीनवर असायचे. चौघी मिळून वाती वळायच्या.

“काकू, पुण्याला कधी निघताय?”

“कोण पुण्याला?”

“आप्पा. सोमवारी.”

“सोमवारी मशीन असतंय की,” काकू म्हणाल्या. वात वळून झाली, ती डब्यात ठेवली, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “का? काय म्हणाले?”

मी म्हटलं, माझाच काहीतरी घोटाळा झाला असेल. त्या दिवसातली ही माझी पहिली खोटी नोंद.

आत येऊन मी लॅपटॉप उघडला आणि आप्पांचा सगळा तक्ता काढला. बेरजेपलीकडे मी त्यात कधी बघितलंच नव्हतं. टॅब प्रत्येक प्रश्नाला किती वेळ लागला तेही साठवत होता. पहिल्या आठवड्यात आप्पांना नऊ प्रश्नांना सहा मिनिटं चाळीस सेकंद लागले होते. त्यातले एक मिनिट पन्नास सेकंद एकट्या नवव्या प्रश्नाला. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या नऊ प्रश्नांना मिळून एकवीस सेकंद. मग अठरा. मग एकोणीस. एका गुरुवारी त्यांचा रक्तदाब एकदम खाली गेला होता आणि मशीन तासभर आधी बंद करावं लागलं होतं, त्या दिवशीही एकोणीस सेकंद आणि बेरीज आदल्यापेक्षा एकानं कमी.

मी घड्याळ लावून ते नऊ प्रश्न स्वतः वाचले. नुसते वाचायला बावन्न सेकंद लागले.

आता आप्पांची नोकरी सांगायला हवी. ते तेहेतीस वर्षं वारणेच्या काठी पाण्याची पातळी मोजायचे. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला घाटाच्या अठ्ठ्याऐंशी पायऱ्या उतरायच्या, पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा बघायचा, वर येऊन वहीत लिहायचा. डायलिसिसला येणाऱ्याचं आधी आणि नंतर वजन करतात, अंगात किती पाणी साचलं ते कळायला. त्यावर आप्पा म्हणायचे, जल्मभर नदीचं पाणी मोजलं, आता माझं मोजत्यात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांनी मला नोकरीतली खरी गोष्टही सांगितली होती. उन्हाळ्यात रोज कोण उतरतंय? कालचा आकडा घ्यायचा आणि दोन सेंटिमीटर कमी करायचा. कधी एक, कधी तीन. तोच तो लिहिला तर साहेबाला संशय येतो. पुरात मात्र दर तासाला उतरायचं, तिथं खोटं लिहिलं तर माणसं जातात. आणि आकडा इकडंतिकडं झाला तर चालतो, पण पान अर्धं राहिलेलं चालत नाही. निवृत्तीच्या दिवशी पाच वाजता हार घातले, तरी सहाचा आकडा लिहूनच ते घरी गेले होते.

मी तेव्हा हसले होते. आता समोरच्या पडद्यावर पंधरा, बारा, अकरा, नऊ, आठ, सहा, पाच असा उन्हाळा उतरत होता, आणि मी त्याचा आलेख काढला होता.

मी डॉ. देवस्थळींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. साडेदहाला त्या मोकळ्या होणार होत्या. तोवर त्यांच्याजवळून हलू नकोस, टॅब देऊ नकोस, सरळ विचार, असं त्या म्हणाल्या. मी नियमाचं विचारलं. “नियम आहेच,” त्या म्हणाल्या. “पण या वेळी त्यांच्या पाठीमागून नको.”

मी स्टूल ओढून मशीन क्रमांक चारपाशी बसले.

“चार्ज झाली का पाटी?” आप्पांनी डोळे न उघडता विचारलं.

“आप्पा, ते नऊ प्रश्न नुसते वाचायला मला बावन्न सेकंद लागतात.”

“चष्मा लावा.”

“तुम्हाला एकोणीस लागतात. उत्तरांसकट.”

त्यांनी डोळे उघडले. “त्यात घड्याळ बी हाय?”

“आहे.”

“आमच्या पट्टीला न्हवतं,” आप्पा म्हणाले. आपण पकडलो गेलो याचं त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. घड्याळाचं वाटलं असावं.

मी त्यांना सांगितलं, की कॉलेजात लोलकाचा प्रयोग असतो. दोरीला गोळा बांधून झुलवायचा, झोके मोजायचे आणि त्यावरून पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण काढायचं. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मार्चमध्ये जर्नल पूर्ण करायच्या वेळी आम्ही सगळ्याजणी उत्तरापासून मागं जाऊन झोक्यांचे आकडे भरायचो. तेही असेच, थोडे इकडे, थोडे तिकडे. मला वीसपैकी एकोणीस मिळाले होते.

“मग सरकारात का न्हाई लागला?” आप्पांनी विचारलं.

“पहिल्या आठवड्यात मात्र तुम्ही पायऱ्या उतरला होतात.”

“उतरलो की. आकडा घेऊन वर येऊन बगतोय, तर सगळं गाव काठावर हुबं. केळी घेऊन.”

तो फोन मी केला होता. नियमाप्रमाणे, वेळेत, फॉर्मवरच्या नंबरावर.

“आज पातळी किती आहे, आप्पा?”

“सांगितली तर फोन करणार.”

“करणार. नियम नसता तरी केला असता.”

“मग कशापायी सांगू?”

“पुरात खोटं लिहिलं तर माणसं जातात, असं तुम्हीच म्हणालात.”

मशीननं टणटण केलं. सिस्टर येऊन बटण दाबून गेल्या. आप्पा तिकडे बघत राहिले. मग उजवा हात त्यांनी चादरीवरून थोडासा उचलला आणि तीन बोटं दाखवली.

मी विचारलं, सोमवारी पुण्याला जायचं नाहीये ना. ते म्हणाले, नाही. मी विचारलं, मग. त्यावर ते जे बोलले ते अगदी सावकाश आणि कुणाचा राग नसल्यासारखं होतं. दोन वर्षं झाली. माणूस मशीनला बांधलेला, आणि मशीनला बांधलेल्या माणसाला घर बांधलेलं. न आलं की झालं, यात दोर नको, डबा नको, कुणाच्या नावाला काही लागत नाही. गेल्या महिन्यातच थांबणार होते.

“मग का नाही थांबलात?”

“तुमचं आठ भागाचं पान. सातावर सोडलं तर अर्धं ऱ्हायलं असतं. पोरीची पहिलीच नोकरी.” त्यांनी पुन्हा हात पसरला. “आज झालं की तुमी बी मोकळ्या.”

टॅब माझ्या मांडीवर होता. एकसष्ट टक्के चार्ज झाला होता. मी तो बंद केला आणि स्टुलाखाली ठेवला.

“फोन कुणाला करू?” मी विचारलं. “मागच्या वेळी विचारलं नव्हतं. आता तुम्ही सांगा.”

“विरूला नको.”

“मग कुणाला?”

आप्पा दाराकडे बघून म्हणाले, “ती बाहेरच बसलीया की.”

मी फॉर्म काढला. नातेवाइकाच्या रकान्यात विरूपाक्षचं नाव मीच लिहिलं होतं, कारण शेजारी मोबाईल नंबराचा रकाना होता, आणि काकूंकडे मोबाईल नव्हता. त्या दारापासून पंधरा पावलांवर, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास बसलेल्या असायच्या. दोन महिन्यांत त्यांना आमच्यापैकी कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता.

सिस्टरांनी नियम मोडून काकूंना आत येऊ दिलं. चपला बाहेर, डोक्यावर कागदी टोपी. स्टुलावर बसल्या. आप्पा बोलेनात, म्हणून मी सांगायला सुरुवात केली. काकूंनी मला हातानंच थांबवलं.

“दोन म्हैने झालं,” त्या म्हणाल्या, “मिठावरनं भांडलं न्हाईत.”

मला समजलं नाही. त्या मला समजावून सांगितल्यासारखं सांगू लागल्या. “किडनीच्या माणसाला अळणी लागतंय. दोन वर्सं रोज ताट सरकवायचे, मला बोलायचे, शेजाऱ्याला ऐकू जाईल असं. ती पोरं येऊन गेली आणि भांडान बंद. गप खायचे. म्हटलं, ह्यास्नी आता जेवणात काय ऱ्हायलं न्हाई.”

“मग बोलला का नाही कुणाला?”

“कोण इचारलं?”

हे आरोप म्हणून नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या.

काकू आप्पांकडे वळल्या. “सोमवारचं न्हाई म्हणताय?”

आप्पा छताकडे बघत होते.

“तुमी नका येऊ मग. मी येणार हाय. चौघींच्यात वाती वाटून घेतल्यात, माझ्या हजार ऱ्हायल्यात. बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगू? नवरा घरी हाय, मी डायलिसिसला आलीया?”

आप्पांच्या छातीतून एक आवाज आला. सिस्टर लगबगीनं रक्तदाब बघायला आल्या. तो हसण्याचा आवाज होता, निदान सुरुवातीला. काकूंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले, मग त्याच पदरानं मशीनवरची धूळ पुसली आणि तशाच बसून राहिल्या.

साडेदहाला डॉ. देवस्थळी व्हिडिओवर आल्या. पंधरा मिनिटांऐवजी तासभर बोलल्या, आणि या वेळी राजेशचा विषय निघाला नाही. डायलिसिसच्या डॉक्टरांनाही बोलावून घेतलं, औषधं बदलली. विरूपाक्षला पुढच्या आठवड्यात काकूंनीच सांगितलं, माझ्या फोनवरून, आणि येताना काही आणू नकोस असं बजावलं. सोमवारचं नाव फळ्यावर तसंच राहिलं.

बारा वाजता सुया काढल्यावर, दंडावर बोळा दाबून धरत आप्पा म्हणाले, “आता तरी संपवायचं का आठवं?”

मी म्हटलं, “पुढच्या गुरुवारी बघू.”

“पान अर्धं ऱ्हातंय.”

“राहू दे.”

त्यांना ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही.

मी त्यांना शंभर पानी वही आणून दिली. मशीनवर असताना तासाला नवव्या प्रश्नाचा एक आकडा लिहायचा, शून्य ते तीन, पायऱ्या उतरून. ती वही डॉ. देवस्थळी व्हिडिओवर बघायच्या. पहिल्या पानावर आहे तीन, तीन, तीन, दोन. नंतर दोन, दोन, दोन, दोन. पुढं बरीच पानं एक, एक, एक. आकडे इतके सारखे, की कॉलेजात असं जर्नल दिलं असतं तर परत केलं असतं. खरी पातळी कधी कधी हलतच नाही, हे मला तेव्हा कळलं. वहीच्या बाराव्या आठवड्यातल्या सोमवारी अकरा वाजता पहिलं शून्य आहे. त्याच दिवशी सव्वाबाराला व्हरांड्यातून मोठ्यानं बोलण्याचा आवाज आला. आप्पांनी आमटीचा डबा काकूंकडे परत सरकवला होता, आणि असलं जनावरालाही घालत नाहीत म्हणत होते. काकू मान खाली घालून वाती वळत होत्या आणि बाकावरच्या तिघी त्यांच्याकडे बघून हसत होत्या. मी वेळ लिहून ठेवली.

वर्षाअखेर प्रकल्पाचा अहवाल पाठवायचा होता. बारा रुग्णांपैकी अकराजणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. एकाचा अपूर्ण राहिला. आप्पांच्या बनावट सहा आठवड्यांच्या आकड्यांवर मी रेघ मारली होती, त्यामुळे आमच्या आलेखातली सगळ्यात सुंदर उतरणही गेली. अपूर्ण राहिलेल्या प्रत्येक रुग्णासाठी वेगळा कागद भरायचा असतो. कारणाच्या रकान्यात पाच पर्याय होते. रस नाही, तांत्रिक अडचण, स्थलांतर, मृत्यू, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. त्याखाली तपशिलासाठी एक ओळ मोकळी होती.

मी लिहिलं, रुग्ण अजून येतो.